गहू बंद करायच्या आधी थांबा : सिलिॲकच्या घरासाठी कामांचा क्रम

माझ्या मुलाला सिलिॲक निघाला तेव्हापासून सांगली-मिरजेतून, कधी कराड-साताऱ्याकडूनही, ओळखीपाळखीतून फोन येतात. बहुतेक फोनांची सुरुवात एकच असते. "ताई, महिना झाला गहू बंद केलाय, पोराला जरा बरं वाटतंय, आता तपासणी कुठं करू?" आणि दरवेळी मला तेच सांगावं लागतं, की क्रम उलटा झाला. गहू बंद केल्यावर तपासणी खोटं सांगते. मग पुन्हा महिना-दोन महिने पोराला गहू खायला घालायची वेळ येते, आणि आता कुठं बरं वाटायला लागलेलं पोर पुन्हा पोट धरून बसतं.

दुसरी चूक तपासणीनंतरची. पोळी बंद झाली म्हणजे झालं, असं घर धरून चालतं. गिरणी, हिंग, चाळणी, सत्यनारायणाचा शिरा यांचा हिशेब कुणी करत नाही. म्हणून हा लेख नुसत्या क्रमाबद्दल आहे.

आधी आजार दोन ओळींत. सिलिॲक म्हणजे गव्हाची ॲलर्जी नव्हे आणि अपचनही नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. त्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नरस शोषणारे. ते झिजून सपाट होतात, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि वयाबरोबर जातही नाही. ग्लुटेन जन्मभर पूर्ण बंद, हाच उपचार. (राय हे वेगळं धान्य आहे, आपली राई नव्हे. फोडणीत मोहरी बिनधास्त घाला.)

टप्पा १ : शंका कधी घ्यायची

"आमच्यात भाकरीच असते हो, हे पंजाबकडचं दुखणं," असं मला एका शिकलेल्या माणसानं ऐकवलं होतं. उत्तरेत हा आजार जास्त सापडतो हे खरं. पण आपल्याकडेही आता सकाळी चहाबरोबर बिस्किट किंवा खारी, डब्यात पोळी, संध्याकाळी पाव, असं दिवसाला तीनदा गहू पोटात जातो. ज्वारीच्या पट्ट्यातली घरंही यातून सुटलेली नाहीत.

लहान मुलांत ठरावीक चित्र असतं. वरचं खाणं सुरू झाल्यावर काही महिन्यांनी सुरू झालेले आणि न थांबणारे जुलाब, फिकट, भरपूर, घाण वासाची शी, फुगलेलं पोट आणि काटकुळे हातपाय, चिडचिड. पण फक्त याचीच वाट बघत बसलात तर निम्मे रुग्ण निसटतील. माझ्या मुलाला जुलाब कधीच नव्हते. दोन वर्षं लोहाच्या बाटल्या पिऊनही त्याचं हिमोग्लोबिन ८ च्या वर सरकत नव्हतं आणि वर्गाच्या रांगेत तो कायम पहिला उभा असायचा. आमचं सगळ्यांचं एकच, "खातच नाही नीट."

मोठ्यांत लोहाच्या गोळ्यांना न जुमानणारा ॲनिमिया, कमी वयात ठिसूळ झालेली हाडं, वारंवार तोंड येणं, न जाणारा थकवा, कारण न सापडलेलं वंध्यत्व किंवा पुन्हा पुन्हा होणारे गर्भपात, रक्तात लिव्हरचे आकडे उगाच वाढलेले, यांतलं काहीही असू शकतं. कोपर, गुडघे, कुल्ले यांवर प्रचंड खाजणारे बारीक फोड येत असतील तर त्वचेच्या डॉक्टरांनी सिलिॲकचा विचार करायला हवा. ते या आजाराचं कातडीवरचं रूप असू शकतं.

टाइप १ मधुमेह, थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, डाउन सिंड्रोम असलेल्यांत आणि रुग्णाच्या आईवडील, भावंडं, मुलांत धोका जास्त. जवळच्या या नातेवाइकांत साधारण दहात एकाला सिलिॲक सापडतो, पुष्कळदा एकही त्रास नसताना.

टप्पा २ : गहू चालू ठेवूनच रक्ततपासणी

लॅबच्या चिठ्ठीवर दोन गोष्टी एकत्र हव्यात : टीटीजी आयजीए आणि टोटल आयजीए. पहिली म्हणजे आतड्यावर उठलेल्या अँटिबॉडीचं मोजमाप. दुसरी कशाला? काही लोकांच्या अंगात आयजीए हा प्रकार मुळातच कमी बनतो. त्यांचा टीटीजी आयजीए आजार असूनही नॉर्मल दिसतो, आणि घर निश्चिंत होतं. टोटल आयजीए कमी आला तर आयजीजी प्रकारच्या चाचण्या कराव्या लागतात. या रक्ताला उपाशीपोटी जायची गरज नाही.

इशारा : अँटिबॉडी बनते ती ग्लुटेन पोटात जातंय म्हणून. ग्लुटेन थांबलं की ती हळूहळू उतरते आणि आतडंही भरून यायला लागतं. म्हणजे तपासणीचा पुरावाच आपण पुसून टाकतो. दुर्बीण (एंडोस्कोपी, टप्पा ३) होईपर्यंत गहू बंद करू नका, कमीही करू नका.

आपल्या भागासाठी यात एक पोटकलम आहे, ते डॉक्टरही कधीकधी विचारायचं विसरतात. जत, आटपाडी, माण, खटावकडच्या घरात मूल सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि भातावर असेल, पोळी सणासुदीलाच होत असेल, तर त्यानं गहू "बंद केलेला" नसतो, पण खाल्लेलाही नसतो. रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्याला फार अर्थ नाही. रक्त देण्याआधी डॉक्टरांना स्वतःहून सांगा की रोज किती पोळ्या, किती पाव, किती बिस्किटं पोटात जातात. मी महिनाभराचं खाणं वहीत लिहून नेलं होतं. डॉक्टर ते वाचून म्हणाले, "हे आधी दिलं असतंत तर माझे दहा प्रश्न वाचले असते."

गहू आधीच बंद करून बसला असाल तर? डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पुन्हा सुरू करावा लागतो. मोठ्या माणसाला रोज एक-दोन पोळ्या, साधारण सहा ते आठ आठवडे. मुलांच्या बाबतीत हा निर्णय घरी घेऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांत आणि वयात येण्याच्या काळात डॉक्टर हे शक्यतो टाळतात. एचएलए नावाची जनुकीय चाचणी अशा वेळी उपयोगी पडते, कारण तिला गहू चालू असावा लागत नाही. पण तिचा अर्थ एकाच बाजूनं लागतो. डीक्यू२ आणि डीक्यू८ ही दोन्ही जनुकं नसतील तर सिलिॲक जवळजवळ नक्की नाही. असतील तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण ती शंभरातल्या तीस-चाळीस निरोगी लोकांतही असतात.

आणि ते दोनशे पदार्थांचं "फूड इनटॉलरन्स" पॅकेज. त्यावर पैसे घालवू नका. सिलिॲक त्यातून कळत नाही.

टप्पा ३ : दुर्बीण आणि तुकडे

टीटीजी वाढलेला आला की पोटाच्या डॉक्टरांकडे एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून लहान आतडं बघायचं आणि तपासायला अस्तराचे बारीक तुकडे घ्यायचे. मिरजेत आपल्याला दवाखान्यांची वानवा नाही, त्यामुळे त्यासाठी पुण्या-मुंबईला धावायची घाई करू नका. तपासणी काही मिनिटांची असते, पण उपाशीपोटी जावं लागतं, आणि लहान मुलांना गुंगी देऊन करतात.

विचारायचं एकच : "डॉक्टर, तुकडे किती घेणार?" आतड्याची झीज सगळीकडे सारखी नसते, ठिगळाठिगळानं असते. म्हणून लहान आतड्याच्या पहिल्या हिश्श्याच्या, म्हणजे ड्युओडेनमच्या, दुसऱ्या भागातून किमान चार आणि त्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन तुकडे घेणं अपेक्षित असतं. एकच तुकडा घेतला आणि तो नेमका चांगल्या जागेचा निघाला, तर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

बायोप्सीच्या, म्हणजे या तुकड्यांच्या तपासणीच्या, रिपोर्टवर "मार्श" म्हणून एक श्रेणी लिहिलेली असते. मार्श ३ म्हणजे उंचवटे झिजलेले. पण नुसत्या या शब्दावरून सिलिॲक ठरवू नये. जिआर्डियाचे जंतू, ट्रॉपिकल स्प्रू (उष्ण प्रदेशातला आतड्याचा एक आजार), कुपोषण यांतही अस्तर असं दिसू शकतं. रक्त आणि तुकडा दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तरच निदान पक्कं.

मुलांना दुर्बीण कधी टळते? टीटीजी आयजीए नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल, आणि दुसऱ्या वेळी वेगळ्यानं काढलेल्या रक्तात ईएमए ही अँटिबॉडीचीच दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह असेल, तर बालपोटविकारतज्ज्ञ बायोप्सीशिवाय निदान करू शकतात. हा निर्णय त्यांचा. लॅबच्या कागदावर लाल अक्षरात आकडा दिसला म्हणून आपण घरी घ्यायचा नव्हे.

पडताळणी : गहू बंद करण्याआधी फाईलमध्ये हे कागद हवेत. टीटीजी आणि टोटल आयजीएचा रिपोर्ट, बायोप्सीचा रिपोर्ट किंवा दुसऱ्या रक्ताचा ईएमए, हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. मुलांची त्या दिवशीची उंची आणि वजन. हे पुढं वर्षानुवर्षं लागतं.

इशारा : मूल खूप वाळलेलं असेल, जुलाब-उलट्यांनी मलूल पडलं असेल, तर हे टप्पे घरी पाठ करत बसू नका. सरळ दवाखान्यात दाखल करा.

टप्पा ४ : काय बाहेर, काय आत

निदान झालं. आता त्या दिवसापासून बंद. "हळूहळू कमी करू" असं यात नसतं.

गहू म्हणजे सगळा गहू. लोकवन, शरबती, बन्सी, त्यांचा रवा, मैदा, कणीक, कोंडा, दलिया. आणि हो, खपली. आपल्या भागात हा विषय भावनेचा आहे, म्हणून वेगळा सांगते. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात माहेरून खपलीचं पोतं मागवलं. "अगं, खपली चालते की त्याला, ती पचायला हलकी. साखरवाल्यांना पण देतात." खपली हा गव्हाचाच जुना प्रकार आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. मधुमेहाचं काय ते मधुमेहवाले बघतील, सिलिॲकला खपली चालत नाही. तिची खीर नाही, तिची हुग्गी नाही, तिचा रवा नाही.

ज्यांच्यात गहू आहे हे पटकन लक्षात येत नाही असे आपल्या घरातले पदार्थ : कुरडया (त्या गव्हाच्या चिकाच्याच असतात), शेवया, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, सातूचं पीठ, लापशी, डिंकाच्या लाडवातली कणीक, आणि हुलग्याची शेंगोळी. शेंगोळी फसवी. नावाला हुलगा, पण वळायला सोपी जावी म्हणून बऱ्याच घरांत त्यात मूठभर कणीक पडते. चकलीच्या भाजणीत बहुधा गहू नसतो, पण विचारल्याशिवाय तोंडात टाकायची नाही.

आत काय राहिलं? ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राळा, राजगिरा, साबुदाणा. सगळ्या डाळी, कडधान्यं, हुलगा, शेंगदाणे. दूध, दही, तूप, अंडी, मटण, मासे, भाज्या, फळं. तासगावचे बेदाणे. खरं सांगायचं तर दिल्लीतल्या आईपेक्षा सांगलीतल्या आईचं काम निम्मं सोपं आहे, कारण भाकरी आपल्याला शिकायची नाही, आठवायची आहे. नाचणी मुद्दाम वाढवा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि या मुलांच्या हाडांना ते हवंच असतं.

उपवासाचे पदार्थ ही आयती सोय आहे. भगर, राजगिऱ्याची भाकरी, साबुदाण्याची खिचडी, यात गहू नसतोच, फक्त पीठ कुठं दळलंय ते बघायचं (टप्पा ५). आमचं पोर चतुर्थीला शेजारी निवांत जेवतं.

ओट्स पहिलं वर्षभर नकोच. ओट्सचं स्वतःचं प्रथिन बहुतेकांना चालतं, पण बाजारातले साधे ओट्स गव्हात मिसळलेले असतात. पुढं द्यायचे झाले तर ग्लुटेनमुक्त लिहिलेलेच, तेही डॉक्टरांना विचारून.

टप्पा ५ : धान्य आणि दळण

इथं मी रेंगाळणार आहे, कारण सर्वात जास्त घरं इथंच चुकतात. पोळी बंद, भाकरी सुरू, सहा महिन्यांनी टीटीजी जिथल्या तिथं. मग घरातले म्हणतात, आजारच वेगळा असेल. आजार तोच असतो. गहू गिरणीतून येत असतो.

आधी मापं समजून घ्या. सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसतं. ५० मिलिग्रॅम रोज, सलग तीन महिने गेलं तर आतड्याला इजा होते. एका पोळीत ग्लुटेन असतं साधारण दोन ते तीन ग्रॅम. म्हणजे दिवसभराची मुभा झाली एका पोळीचा दोनशेवा-तीनशेवा भाग. एक चिमूटसुद्धा नाही. "कधीमधी एक घास" या वाक्याचं उत्तर या आकड्यात आहे.

आता दाण्याचा हिशेब. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅम, त्यात ग्लुटेन चार मिलिग्रॅमच्या आसपास. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे एक किलो ज्वारीत गव्हाचे पाच दाणे निघाले की ती मर्यादा गाठली. दुकानातली ज्वारी ज्या मापानं, ज्या चाळणीनं, ज्या पोत्यातून येते त्यातूनच गहूही जातो. शेतातलं मळणी यंत्रही तेच.

१. धान्य अख्खंच आणा. तयार ज्वारीचं, बेसनाचं, तांदळाचं पीठ सुटं आणू नका. शक्य असेल तर ज्याच्याकडं गहू होत नाही अशा शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी भरा.

२. निवडा. मी पहिल्यांदा गणपती पेठेतून आणलेली दोन किलो शाळू ज्वारी पांढऱ्या ताटात पसरली तेव्हा निवडायला तासभर लागला. ज्वारीचा दाणा मोत्यासारखा गोल, गहू लांबट, पोटावर चीर. एकदा नजर बसली की ती चीर आधी दिसते. अकरा दाणे निघाले. मी ते वाटीत ठेवले आणि संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना दाखवले. त्यानंतर माझ्यावर कुणी "फार करतेस" म्हणालं नाही.

३. धुऊन कडक उन्हात वाळवा. दाण्याला चिकटलेली गव्हाची धूळ त्यानं जाते. ओलसर दाणा दळायला देऊ नका.

४. दळण. गिरणीत गव्हामागून ज्वारी घातली की आधीचं पीठ दगडांच्या फटीत, तोंडाशी, खालच्या पिशवीत असतं, ते तुमच्या पिठात उतरतं. आमचे गिरणीवाले काका प्रामाणिक. "वहिनी, ज्वारीच दळतोय की हो, गहू कुठं घातला मी?" त्यांच्या दृष्टीनं खरंच होतं. मीच त्यांना पिशवी झटकायला लावली, तेव्हा झटकलेलं पीठ पिवळसर कणकेचं निघालं.

सर्वात चांगला उपाय घरघंटी. मात्र तिच्यात एकदाही गहू पडता कामा नये. वापरलेली, जुनी घरघंटी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. घरघंटी जमत नसेल तर दुसरा उपाय : तीन-चार घरांनी मिळून फक्त ज्वारी-बाजरी दळणारा गिरणीवाला शोधणं, किंवा काही गिरण्यांत उपवासाच्या पिठासाठी वेगळं यंत्र असतं, त्यावर दळून मागणं. तेही नसेल तर मिक्सरवर थोडं थोडं दळून चाळून घ्या. भाकरी जरा जाडसर होते, चालते. "आधी दोन किलो तांदूळ काढून घेतो" ही गिरणीवाल्याची तडजोड नाइलाजाची आहे, ती रोजची करू नका.

५. बेसन आणि तांदळाची पिठीही याच यंत्रावर. लोक ज्वारीचं सांभाळतात आणि बेसन दुकानातून सुटं आणतात.

पडताळणी : घरघंटी दुसऱ्या कुणाला दळायला द्यायची नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे का? शेजारणीला नाही म्हणणं अवघड जातं. आधी सांगितलेलं बरं.

टप्पा ६ : स्वयंपाकघर

सगळ्या घराचा गहू बंद करायची सक्ती नाही. आमच्याकडे पोळी होते. पण काही वस्तू मुलाच्या वेगळ्या : चाळणी, पोळपाट-लाटणं, काठवट, लाकडी उलथनं, भाकरीचा तवा. चाळणीच्या जाळीतून आणि लाकडाच्या रेघांतून पीठ कधीच पूर्ण निघत नाही, कितीही घासा. स्टीलची ताटं-वाट्या, कुकर, काच हे नेहमीसारखं घासलं की झालं, त्यांचं सोवळं-ओवळं करायची गरज नाही.

त्याचं आधी करायचं, मग कणीक भिजवायची. कोरडं पीठ हवेत उडतं आणि शेजारच्या उघड्या भांड्यावर बसतं. तळणीचं तेल वेगळं. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे पापड नाहीत.

आता एक बारीक गोष्ट, जी आम्हाला चौथ्या महिन्यात सापडली. तूप. पोळीवर तूप लावताना चमचा पोळीला टेकतो, तसाच बरणीत जातो, आणि मग त्याच तुपाचा चमचा पोराच्या वरणभातावर. लोणी, जॅम, चटणी सगळ्याचं हेच. त्याची छोटी बरणी वेगळी करा, झाकणाला लाल रिबीन बांधा. लाल म्हणजे हात लावायचा नाही, हे आमच्या पाच वर्षांच्या पुतण्यालाही कळतं.

टप्पा ७ : पाकिटं आणि हिंग

हिंगापासून सुरुवात करा. डबीतला बांधणीचा हिंग म्हणजे शुद्ध हिंग नव्हे. त्यात डिंक आणि बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डबीची मागची बाजू वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. सापडेपर्यंत हिंगाशिवाय फोडणी करा, कुणी मरत नाही.

पाकिटावर घटकांची यादी संपली की खाली ॲलर्जीची ओळ असते. "कंटेन्स व्हीट" किंवा "ग्लुटेन" असेल तर परत ठेवा. "मे कंटेन" असेल तरी परत ठेवा. यादीत मॉल्ट, मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट, बार्ली, सेमोलिना, रिफाइन्ड फ्लोअर हे शब्द दिसले तर तो पदार्थ बाद. दुधात घालायच्या बऱ्याच पौष्टिक पावडरी मॉल्टच्या, म्हणजे जवाच्या किंवा गव्हाच्या असतात. "पोर अशक्त आहे, पावडर द्या" म्हणणारे खूप भेटतात. सोया सॉसमध्येही गहू असतो, त्यामुळे गाड्यावरचं चायनीज गेलं.

आपली भडंग? चुरमुरे तांदळाचे, शेंगदाणे, लसूण, तिखट, इथपर्यंत ठीक. प्रश्न मसाल्यातल्या हिंगाचा आणि त्याच यंत्रावर भरल्या जाणाऱ्या इतर फरसाणाचा. घरी करा, पंधरा मिनिटांचं काम. कंदी पेढ्याचंही तसंच. खवा-साखरेला धोका नाही, पण मिठाईच्या दुकानात एकच झारा, एकच ट्रे सगळीकडे फिरतो.

ग्लुटेनमुक्त बिस्किटं, पाव, पास्ता ऑनलाइन मिळतात. वाढदिवसाला आणा. रोज नको. महाग असतात, आणि त्यात साखर-स्टार्च जास्त, तंतू कमी. औषधं आणि चूर्णं-अवलेह घेताना डॉक्टरांना, वैद्यांना आजार सांगा.

टप्पा ८ : घराबाहेर

लग्नाच्या पंगतीत सुरक्षित दिसणारा पांढरा भातही पुरीच्या हातानं वाढला जातो. नियम एकच : घरून जेवून जायचं, तिथं फक्त बसायचं. जवळच्या लग्नात मी आचाऱ्याला आदल्या दिवशी भेटून पहिल्या वाफेचा भात आणि बिनफोडणीचं वरण बाजूला काढून ठेवायला सांगते. गोड मानून ठेवतात बिचारे. कार्य उरकत असताना, पंगत बसल्यावर सांगायला गेलात तर कुणाचं लक्ष नसतं.

प्रसाद हा सर्वात अवघड भाग. शिऱ्याला नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं, असं मोठ्यांना वाटतं. आम्ही गणपतीच्या देवळात जाताना खडीसाखरेची पुडी खिशात ठेवतो. गुरुजींच्या हातून तीच घेतो. घरच्या गणपतीला उकडीचे मोदक असतातच. तळणीचे, कणकेचे त्याच्या ताटात नाहीत.

शाळेत वर्गशिक्षकांना एका पानावर लिहून द्या : काय चालत नाही, चुकून खाल्लं तर काय होतं, कुणाला फोन करायचा. ही जिवावर बेतणारी ॲलर्जी नव्हे, हे त्यात जरूर लिहा. नाहीतर घाबरून त्याला सहलीला नेत नाहीत. डब्यांची अदलाबदल होते, हे गृहीत धरा. मुलाला स्वतःला "मला गहू चालत नाही" हे म्हणता यायला हवं. आमचा सहाव्या वर्षी म्हणायला लागला. एकदा पुण्याच्या एसटीत शेजारच्या आजींनी प्रेमानं खारी पुढं केली तर हा म्हणाला, "आजी, ती तुम्हीच खा, माझं आतडं रुसतं."

चुकून पोटात गेलं तर? उतारा नाही. एन्झाइमच्या गोळ्या विकल्या जातात, त्यांच्या भरवशावर गहू खाऊ नये. पाणी, भात-ताक, आराम. आणि कुठून गेलं ते वहीत लिहा.

टप्पा ९ : पुढची तपासणी

पहिले काही आठवडे दूध सोसत नाही असं वाटू शकतं. झिजलेल्या अस्तरामुळे दुधातली साखर पचत नाही. दही-ताक चालतं, आतडं सुधारलं की दूधही चालायला लागतं. दूध कायमचं तोडू नका. लोह, ड जीवनसत्त्व, बी१२ जे कमी असेल ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

जुलाब, पोटफुगी काही आठवड्यांत कमी होते, आतडं भरायला मात्र मुलांत वर्ष-दोन वर्षं, मोठ्यांत त्याहून जास्त लागतात. टीटीजी सहा महिन्यांनी, मग वर्षानं, मग दरवर्षी. आकडा एकदम नॉर्मल होत नाही, पण उतरता हवा. उतरत नसेल तर औषधं बदलण्याआधी टप्पा ५ पासून पुन्हा बघा. लपून येणारा गहू हेच सर्वात नेहमीचं कारण असतं. आमचा पहिल्या सहा महिन्यांत निम्म्यावरही आला नव्हता. गिरणी आणि तुपाची बरणी सुटल्यावर पुढच्या सहा महिन्यांत आला.

इशारा : बरं वाटायला लागलं, की "आता झाला बरा, थोडं देऊन बघू" असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. त्रास झाला नाही तरी आत झीज सुरू होते. न होणाऱ्या त्रासावर विसंबू नका.

मोठ्या माणसांनी हाडांची घनता एकदा मोजून घ्यावी. मुलांची उंची दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं. आमच्या चौकटीवर निदानाआधीच्या दोन वर्षांत दीड बोट आहे आणि नंतरच्या एका वर्षात चार.

शेवटचं काम, जे सगळे टाळतात : आईवडील आणि भावंडांचं रक्त. माझं आणि ह्यांचं नॉर्मल आलं. धाकटीचं, जिला कधी काही म्हणजे काहीच झालं नव्हतं, जी दादाच्या वाटणीच्या पोळ्याही खायची, तिचा टीटीजी वाढलेला आला. सासूबाई त्याच रात्री तिच्यासाठी भाकरी थापायला बसल्या. मी त्यांचा हात धरला. पुढच्या गुरुवारी तिची दुर्बीण आहे. तोवर डब्यात पोळीच जातेय.